नव्वद भागांची मालकीण

३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. फोनच करणार होते. पण मागच्या वेळी तुमच्या कानाच्या मशीनने अशी शिट्टी मारली की शेजारणीने कुकर समजून स्वतःचा गॅस बंद केला, असं तुम्हीच लिहिलं होतंत. तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी, की तुमची चिमणी घरमालकीण झाली.

भाड्याने दिलेलं ते वरच्या मजल्यावरचं घर आमच्या दोघांच्या नावावर अर्धं-अर्धं होतं, हे तुम्हाला माहीतच आहे. भाडंही अर्धं यांचं, अर्धं माझं असंच धरायचे. यांचा पगार मोठा, त्यामुळे यांच्या अर्ध्यावर कर भरपूर. मी मात्र आईंच्या आजारपणात शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली, तेव्हापासून माझी कमाई शून्य. हे म्हणाले, "तुझी करमाफीची मर्यादा रिकाम्या डब्यासारखी पडून आहे. त्यात भाडं घालू." मग यांनी एक घोषणापत्र तयार केलं. शंभरातले नव्वद भाग माझे, दहा यांचे. मी सही केली आणि परवा ते करखात्याकडे गेलंसुद्धा. युक्ती ताईचीच, म्हणाले. म्हणून तुम्हाला पहिलं पत्र.

ताई, हसू नका, पण लग्नाला अठरा वर्षं झाली, विजेचं बिलसुद्धा माझ्या नावाने आलं नाही कधी. कर वाचवायची युक्ती का असेना, कुणीतरी मला काहीतरी दिलं असं वाटलं. यांनी त्या कागदाची एक प्रत मला दिली. ती मी लग्नाच्या फोटोंच्या पेटीत ठेवली.

दुसऱ्याच दिवशी किल्ली घेऊन घर बघायला गेले. हे म्हणत होते, कशाला जातेस, भाडेकरूंना उगाच त्रास. पण राहवेना. छापखान्यामागची ती बोळ, खाली गोदाम, बाजूने लोखंडी जिना. भाडेकरू दोघंच. एक नर्सबाई, माझ्याच वयाच्या, आणि त्यांचे वडील. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. आताही खिडकीशी टेबल मांडून बसतात, डोळ्याला भिंग लावून. गुडघे फार दुखतात, म्हणून दिवसातून दोनदा न्हाणीघरात स्टुलावर बसून गरम पाण्यात पाय सोडतात. मला म्हणाले, "मालकीणबाई, घर चांगलं आहे, फक्त न्हाणीघरात वारा फार येतो. वरच्या झरोक्यातून."

मी म्हटलं, बघते मी.

मालकीणबाई म्हणाले, ताई. मी घरी येईपर्यंत तो शब्द घोळवत होते.

तुमची,
चिमणी

*

११ नोव्हेंबर

प्रिय चिमणे,

तुझं पत्र सात तारखेला आलं. शिक्का मारला. तू हसशील, पण तेहतीस वर्षं करखात्याच्या टपालखिडकीवर बसून आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारला, आता हात ऐकत नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तो जुना शिक्का मलाच देऊन टाकला. घरी येणारं दूधवाल्याचं बिलसुद्धा सुटत नाही त्यातून.

मालकीणबाई झालीस, अभिनंदन. आईला फार आवडलं असतं. तिची सून घरात आली तेव्हा एवढीशी होती, म्हणून तिने चिमणी म्हटलं. आता चिमणीला घर मिळालं.

युक्ती माझी हे खरं. सप्टेंबरात तुझा राजा आला होता तेव्हा मीच सांगितलं, नवरा-बायकोचं सामाईक घर असेल तर खातं भाडं निम्मं-निम्मं धरतं. पण खरोखरचा वाटा वेगळा असेल तर दोघांनी सही करून तसं लिहून द्यावं, आणि सही झाल्यापासून साठ दिवसांत ते खात्यात पोचवावं. त्याच्या तारखेपासून पुढे ते लागू होतं, मागचं नाही. यात लबाडी काही नाही. फक्त वाटा खरा हवा. नव्वद भाग लिहिले की नव्वद भाग खरोखर तुझे. भाड्याचे तुझे, तसे गळतीचेही तुझे, पडझडीचेही तुझे. कुणी तक्रार केली तर दार तुझंच वाजणार.

नवऱ्याने बायकोला घर दिलं की बाहेर लोक प्रेम म्हणतात. आमच्या खिडकीवर म्हणायचे, आधी तारीख बघा. जुन्या खोडीने विचारते, रागावू नकोस. तू सही नक्की कधी केलीस? त्या प्रतीवर वर कोणती तारीख आहे? फोटोंच्या पेटीतून काढून एकदा नीट वाच आणि मला कळव.

राजाला यातलं काही बोलू नकोस. त्याला वाटेल ताई अजून खिडकीवरच बसलीय.

तुझी,
ताई

*

१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नाने गंमत वाटली, मग वाचलं तेव्हा जरा विचित्र वाटलं.

सही केली २७ ऑक्टोबरला. रविवार होता, मी केस धुऊन बसले होते, त्यामुळे पक्कं आठवतं. हे म्हणाले तारखेची जागा कोरी सोड, ऑफिसात टाइप करून घेईन. सोडली. आता प्रत बघते तर तिथे १ ऑक्टोबर आहे. यांना विचारलं. म्हणाले, महिन्याच्या पहिल्या तारखेपासून धरलं की सोपं पडतं, तुला त्यातलं काय कळतं. बरोबरच आहे, मला काय कळतं.

पण ताई, एक घोटाळा झालाय माझ्या हातून. तुम्हीच लावलेली सवय. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मुरंबा केला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, बरणीवर तारीख घाल, नाहीतर पुढच्या वर्षी आपण काय खातोय ते कळणार नाही. तेव्हापासून बरण्या, औषधं, फोटोंच्या पाठी, सगळ्यांवर तारीख. सहीखालीसुद्धा. त्या कागदावर माझ्या सहीच्या शेपटीखाली मुंगीएवढ्या अक्षरात २७ ऑक्टोबर लिहिलेलं आहे. यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मी सांगितलं नाही, उगाच चिडतील.

आता चांगली बातमी. मी न्हाणीघर रंगवलं, माझ्या हाताने. शनिवारी हे कामाला गेल्यावर गेले. गॅसच्या गिझरच्या वर भिंतीवर काळा डाग होता, पसरलेला, हाताच्या पंज्यासारखा. तो तीनदा रंग दिल्यावर गेला. गिझरच्या पत्र्यावर कसला तरी लाल कागद चिकटवलेला होता, तो कुणीतरी खरवडून काढलाय, कोपरा तेवढा राहिलाय. तोही पुसला. आणि आजोबांना वारा लागतो म्हणाले होते ना, तो वरचा झरोका फळी ठोकून बंद केला. कडेने जुन्या गोधडीची पट्टी भरली. आता वाऱ्याला वाव नाही. फळीवर पेन्सिलीने १६ नोव्हेंबर लिहिलं, अर्थातच.

न्हाणीघर छान उबदार झालंय. आजोबा तासतासभर पाय सोडून बसतात. काल परत गेले होते. गाल गुलाबी दिसत होते त्यांचे, लहान मुलासारखे. मी म्हटलंसुद्धा, तब्येत मानवलीय. फक्त डोकं दुखतं म्हणतात. "आत बसून कुणीतरी घड्याळाला चावी देतंय, मालकीणबाई, आणि थांबायलाच तयार नाही." एका घड्याळाचे काटे त्यांनी उलटे बसवले, मोठ्याच्या जागी लहान. नर्सबाई म्हणतात वय झालं. त्यांचंही डोकं घरी असलं की जड होतं, हॉस्पिटलात गेल्या की उतरतं. मी म्हटलं, सगळ्या जगाचं उलटं असतं.

माझंही दुखलं जरा. रंगाचा वास असेल.

खालच्या गोदामवाल्याने उन्हाळ्यात मागची भिंत वाढवलीय. गिझरचा धूर जायचा पाइप तिच्याकडे तोंड करून आहे, मध्ये वीतभर जागा. यांना सांगितलं, त्या भिंतीमुळे मागचा उजेड गेला. हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, "तू न्हाणीघरात कशाला गेली होतीस?"

मी रंगाचं सांगितलं. फळीचं नाही सांगितलं.

तुमची,
चिमणी

*

२३ नोव्हेंबर

चि. राजा,

चिमणीचं पत्र काल आलं. तिने न्हाणीघराचा झरोका बंद केला आहे. धुराच्या पाइपासमोर भिंत आहे. म्हाताऱ्या माणसाचं डोकं दुखतं, गाल लाल झालेत. एवढं वाचून तुला जे कळायला हवं ते कळेल.

हे पत्र मिळेल त्या मिनिटाला उठ, तिथे जा, गिझर बंद कर, फळी काढ.

तुझं ऑक्टोबरचं पत्र माझ्याकडे आहे. त्यात तू दोन गोष्टी लिहिल्या होत्यास. एक म्हणजे गिझर तपासणाऱ्याने लाल कागद लावून तो बंद करून ठेवला आणि भिंत फोडून पाइप फिरवायला सांगतो, केवढा खर्च. दुसरी, घोषणापत्रावर सहीची तारीख धरतात की पोचल्याची. मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि पहिल्याकडे लक्षच दिलं नाही. दोन्ही एकाच पानावर का होते ते मला आज कळतंय.

मी चिमणीला अजून काही लिहिलेलं नाही. तूच सांग तिला. तुझ्या तोंडून ऐकलं तर तुमचं घर राहील.

ताई

*

२७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्र मिळालं. तुझ्या शेजारणीचे दोन फोनही येऊन गेले, मीच उचलले. त्या बाईंना सांग, इतकं ओरडायची गरज नाही, मला ऐकू येतं.

तू घाबरतेस असं काही नाही. गिझरवाल्यांचा धंदाच असतो, लाल कागद चिकटवायचा आणि नवं यंत्र गळ्यात मारायचं. तपासायला आला तेव्हा नर्सबाई आणि म्हातारबुवा चार दिवस बाहेर गेले होते, मी किल्लीने दार उघडून दिलं. त्याने बंद केला, मी चालू केला. गिझर तेव्हापासून चालतोय, कुणाला काही झालेलं नाही. त्यांचा करार डिसेंबरअखेर संपतो. मग घर रिकामं करून सगळं एकदमच करीन. आत्ता सांगितलं तर त्या भाडं अडवून बसतील.

आणि ताई, घर आता हिचं आहे. तू म्हणालीस तसंच केलं, नव्वद भाग. कागदावर तारीख आहे. हिला मी सगळं समजावून दिलं होतं, लाल कागदाचंसुद्धा. हिच्या लक्षात राहत नाही त्याला मी काय करू. फळी तिने ठोकली, मी नाही.

हिला घाबरवणारं काही लिहू नकोस. आलेलं टपाल आधी मीच बघतो, त्यामुळे तसं काही हिच्यापर्यंत पोचेल असं वाटत नाही, पण तुलाच वाईट दिसेल. माझं ते ऑक्टोबरचं पत्र फाडून टाक. जुने कागद साठवायची तुझी खोड वाईट.

तुझ्या दोन खोल्यांचे कागदही माझ्याच नावावर आहेत हे तुला आठवत असेलच. आईने तसं केलं ते तुझी काळजी मी घ्यावी म्हणून. ती मी घेतोच आहे. थंडी फार आहे, कान झाकत जा.

तुझा,
राजा

*

३० नोव्हेंबर
(चिमणीसाठी, भाडेकरूंच्या पत्त्यावर, जलद टपालाने)

चिमणे,

हे पत्र वाचत बसू नकोस. आधी गिझर बंद कर. फळी उखडून काढ. आजोबांना बाहेर जिन्यात आण, थंडी असली तरी. नर्सबाई, पत्र तुम्ही उघडलं असेल तर तुम्ही करा. मग पुढचं वाचा.

केलंस?

गिझरचा धूर पाइपातून बाहेर जात नाही, भिंतीला आपटून परत आत येतो. त्यातल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झरोका होता म्हणून इतके दिवस निभावलं. तो काळा डाग त्या धुराचाच. लाल गाल त्याचेच. लाल कागदही त्यासाठीच होता. हे यंत्र चालवू नका, असं सांगणारा. तो ४ ऑक्टोबरला लागला, राजानेच ऑक्टोबरच्या पत्रात मला तसं लिहिलंय, ते पत्र माझ्याकडे आहे. आणि खरवडलाही त्यानेच. घोषणापत्रावर १ ऑक्टोबर टाकलंय ते सोपं पडावं म्हणून नाही. लाल कागद लागला त्या दिवशी मालकीण तू होतीस असं दिसावं म्हणून.

तुला माहीत नाही अशी एक गोष्ट सांगते. राजा नऊ वर्षांचा होता, सुट्टीत आत्याचा मुलगा राहायला आला होता. एका दुपारी राजाने स्वतःची बेचकी त्याला देऊन टाकली. नवी, चांगली रबर लावलेली. आईला कौतुक वाटलं, माझा राजा किती मोठ्या मनाचा. तासाभराने शेजारचे काका आले. त्यांच्या वरच्या खिडकीची काच फुटली होती आणि काच त्यांच्या सुनेच्या डोळ्याजवळ लागली होती. बेचकी कुणाच्या हातात होती? आत्याच्या मुलाने मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवून दिलं. तो पुन्हा कधी आला नाही. मी गच्चीवर होते. दगड कुणी मारला ते मी पाहिलं होतं.

मी काही बोलले नाही. हुशार आहे म्हणून हसलेसुद्धा मनात.

आणि आता हे, जे लिहायला हात चालत नाही. तुझं पत्र मला २२ तारखेला मिळालं. त्याच क्षणी तुला लिहायला हवं होतं. मी आधी भावाला लिहिलं. त्याला एक संधी द्यावी, तुमचं घर मोडू नये. त्याचं उत्तर यायची वाट बघितली. मधल्या काळात शेजारणीकडून गॅस कंपनीला फोन करवला, तिथली बाई म्हणाली तक्रार मालकाची लागते नाहीतर भाडेकरूची, बहिणीची चालत नाही. आठ दिवस, चिमणे. ते आठ दिवस माझे आहेत.

तुझ्या घरच्या पत्त्यावर लिहिलं तर तुला मिळणार नाही, म्हणून इथे. पोचल्याचं कळव.

ताई

*

८ डिसेंबर

प्रिय ताई,

तुमचं पत्र तीन तारखेला पोचलं. मी आजोबांसाठी जाड पडदा घेऊन गेले होते. पाकीट उंबऱ्याबाहेर पायपुसण्यावर पडलेलं होतं, कुणी उचललं नव्हतं. नर्सबाई ड्युटीवर होत्या. पाकिटावर माझ्यासाठी म्हणून लिहिलेलं पाहिलं आणि तिथेच फोडलं. पहिल्या चार ओळी वाचल्या. आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता.

माझ्या किल्लीने दार उघडलं. मालकिणीची किल्ली.

आजोबा स्टुलावर होते, भिंतीला टेकून, पाय पाण्यात. हाक मारली, डोळे उघडे होते पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मी गिझर बंद केला, तेव्हा पहिल्यांदा आतली ज्योत पाहिली. पिवळी होती, ताई, वर काळ्या शेंड्याची. अकरा वर्षं मी शाळेत मुलांच्या टेबलांमधून फिरत सांगत आले, ज्योत निळी हवी, पिवळी दिसली की मला हाक मारा. आणि त्या न्हाणीघरात मी तीन हात रंग दिला, एकदाही वाकून आत बघितलं नाही.

फळी मी चांगली ठोकली होती. हाताने ओढली तर खिळा तळहातात गेला. शेवटी बाहेरची खुर्ची मारून तोडली. मग आजोबांना चादरीवर घेतलं आणि ओढत जिन्यात आणलं. मी एवढीशी, ते काही हलके नाहीत. गोदामातली माणसं आवाजाने वर आली.

आजोबा जिवंत आहेत. चालतात, जेवतात. पण दर पाच-दहा मिनिटांनी विचारतात, किती वाजले. सांगितलं की मान हलवतात, आणि परत विचारतात. नर्सबाईंनी त्यांचं भिंग हातात दिलं, ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं, कुणाचं आहे म्हणून.

नर्सबाई माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या तळहाताला पट्टी मात्र त्यांनीच बांधली. बांधताना वर बघितलं नाही.

पाच तारखेला चौकशी अधिकारी आल्या. घरमालक कोण, विचारलं. हे शांतपणे म्हणाले, "घर हिचं. एक ऑक्टोबरपासून. माझे नावापुरते दहा भाग. लाल कागदाबरोबरची चिठ्ठी मी हिच्याच हातात दिली होती." मी यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होते. ते मीच लावलं होतं आदल्या आठवड्यात, जरा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. मग अधिकारीबाईंनी तुटलेली फळी टेबलावर ठेवली. त्यावर माझ्या अक्षरात १६ नोव्हेंबर. हे तुम्ही लिहिलंत का? मी हो म्हटलं. फळी माझीच आहे, ताई. ती मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

मग मी फोटोंच्या पेटीतली प्रत दाखवली, आणि सहीखालची मुंगीएवढी तारीख. बाई भिंग मागवून बघत बसल्या. हे हसले. म्हणाले, "हिला तारखांचं वेड आहे, भलत्याच कुठेही टाकते. आज कोणता वार विचारा." मला त्या क्षणी खरंच आठवेना.

म्हणजे माझा शब्द आणि यांचा शब्द.

घरी हे फार प्रेमाने वागतात. आवाज चढवत नाहीत. सकाळी स्वतः चहा करून आणतात, साखर बरोबर असते. मी तो मोरीत ओतते, का ते मलाही सांगता येणार नाही. कपाखाली एक कागद असतो, रोज तोच. सहीखालची तारीख माझ्या हातून चुकून पडली, असं लिहिलेला. खाली सहीची जागा. तारखेची जागा कोरी.

घरात गिझर आमच्याकडेही आहे. मी थंड पाण्याने आंघोळ करते.

तुम्ही ऑक्टोबरच्या पत्राचं लिहिलंत. ते मी मागत नाही. त्यापायी तुमच्या खोल्या जातील, या वयात कुठे जाल. मागत नाही, एवढंच सांगायला लिहिते. हे पत्र टपालात मी स्वतः टाकतेय, पलीकडच्या चौकातल्या पेटीत.

तुमची,
चिमणी

*

१४ डिसेंबर

राजा,

काल तुमच्या गावात आले होते. तुझ्याकडे आले नाही. चौकशी अधिकाऱ्यांकडे गेले. तुझं ऑक्टोबरचं पत्र दिलं, पाकिटासकट. तू वर ६ ऑक्टोबर लिहिलंयस, माझा शिक्का ९ ऑक्टोबरचा आहे. लाल कागदाचं आणि तारखेचं, दोन्ही एकाच पानावर, तुझ्याच अक्षरात. त्यात तू एक वाक्य लिहिलं होतंस ते मी पुन्हा वाचेपर्यंत विसरले होते. "हिला अजून काही सांगितलेलं नाही, पुढच्या आठवड्यात सांगेन." अजून सांगितलेलं नाही. सहा ऑक्टोबरला.

तुझं २७ नोव्हेंबरचं पत्रही दिलं. आणि माझं तुला लिहिलेलं २३ तारखेचंही सांगितलं, आठ दिवसांसकट. त्यांनी ते लिहून घेतलं. घ्यायलाच हवं होतं.

अधिकारी तरुण आहेत, जरा मोठ्याने बोला म्हटल्यावर उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. घरच्या पत्रांवर शिक्का का मारता, विचारलं. मी म्हटलं, सवय आहे. त्यांनी शिक्का बघायला मागितला. पिशवीतच होता. कोऱ्या कागदावर मारून दाखवला.

परत निघताना चिमणीला भेटले, हॉस्पिटलात. आजोबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. आत जात नाही, घरीही जात नाही. पिशवी बरोबर आहे, फोटोंची पेटी आहे. तुझ्या कागदावर तिने सही केलेली नाही आणि करणार नाही. आम्ही दोघी थोडा वेळ बसलो. आतून आजोबांनी विचारलं किती वाजले, तिने बाहेरून सांगितलं. मी तिथे होते तोवर सहा वेळा.

माझ्या दोन खोल्यांच्या किल्ल्या याच पाकिटात आहेत. तुला मागायला यावं लागू नये. तुळशीच्या पानाएवढंही सामान मागे ठेवलेलं नाही. शेजारणीकडे चार दिवस आहे, मग चिमणीने एक खोली बघितलीय, हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्याला. खोलीला खिडक्या दोन आहेत. तिने आधी तेच पाहिलं.

अधिकाऱ्यांनी शेवटी विचारलं, आणखी काही सांगायचंय का. मी नाही म्हटलं. बाहेर जिन्यापर्यंत आले आणि परत फिरले. त्यांनी खुर्ची पुढे केली, पण मी उभीच राहिले. चौकशीशी याचा काही संबंध नाही, बाई, म्हटलं, पण कुठेतरी लिहून ठेवा.

त्यांनी पेन उचललं. मी तुझं वय सांगितलं, नऊ. महिना सांगितला, वार सांगितला. गच्चीवर मी होते हे सांगितलं.

आणि सांगितलं की बेचकी तुझी होती.

ताई